खातेदाराने स्वतः बोलावे

माझे नाव या कागदाच्या शेवटी सहीखाली आहे. वय ५९ वर्षे. धंदा शिवणकाम, दुकान स्वतःचे. राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. गिऱ्हाइके मला शिवणबाई म्हणतात. घरात आणखी एक टोपणनाव आहे, पण ते आमच्या घरच्या माणसाखेरीज कोणी वापरत नाही, म्हणून लिहून देत नाही.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, आज शुक्रवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी मी लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून एक लॅपटॉप कोणाला न विचारता उचलून आणला. लॅपटॉप आमचाच आहे. तरी सेंटरचे म्हणणे ती चोरी आहे असे आहे, आणि माझीही विनंती आहे की ती चोरीच धरावी. असे का, ते पुढे सांगते. ठाण्यातला कॉम्प्युटर सकाळपासून अपडेट होत आहे व तो बंद करू नये असे पडद्यावर आलेले असल्याने हवालदार हा जबाब हाताने लिहून घेत आहेत. कंपनी तीच आहे, हे मी त्यांना दाखवून दिले.

माझे पती, वय ६४, माझ्या शेजारी बाकावर बसलेले आहेत. त्यांनी एकतीस वर्षे गाडी शिकवण्याची शाळा चालवली. शाळा म्हणजे दोन ब्रेक असलेली एक गाडी, एक टेलिफोन आणि हे. दोन वर्षांपूर्वी घशाच्या आजारात डॉक्टरांनी त्यांचे स्वरयंत्र काढून टाकले. जीव वाचला, आवाज गेला. त्यांना ऐकू नीट येते. तरी लोक त्यांच्याशी ओरडून बोलतात. हवालदारांनीही तसेच केले, तेव्हा मी त्यांना सांगितले व ते आता हळू बोलत आहेत.

घरात आमचे पुष्कळसे टिचक्यांवर चालते. गाडी शिकवताना ते समोरच्या फळीवर नखाने एक टिचकी मारायचे म्हणजे ‘जाऊ दे’, आणि दोन मारायचे म्हणजे ‘थांब’. शिकणारा घाबरला की त्याला बोललेले काही कळत नाही, टिचकी मात्र कळते, असा त्यांचा अनुभव आहे. घरी एक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही. त्यापेक्षा जास्त सांगायचे असेल तर पुसायची पाटी आहे. ती आत्ताही त्यांच्या मांडीवर आहे.

लॅपटॉपमध्ये काय आहे असे विचारले असता सांगते की, त्यात माझ्या पतींचा आवाज आहे. ऑपरेशनच्या आधी रुग्णालयातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला सांगितले होते की, हातात अकरा दिवस आहेत, तेवढ्यात जमतील तितकी वाक्ये यांच्याच आवाजात लॅपटॉपवर बोलून ठेवा. पुढे नुसते बटण दाबले की ते वाक्य वाजते, आणि त्याच आवाजातून नवी वाक्येही जुळवता येतात. यादी मी केली. कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांच्या पाठीवर, कारण दुसरा कोरा कागद घरात नव्हता. एकूण सहाशे चाळीस वाक्ये झाली. ‘मीठ कमी आहे’ हे त्यात चार वेळा आहे, कारण ते चार तऱ्हांनी म्हणतात आणि त्यातली एक तऱ्हा मी ऐकून घेत नाही.

बोलण्याचे काम माझ्या कापडाच्या खोलीत केले. तिथे चारी भिंतींना तागे उभे असल्याने आवाज घुमत नाही. वाक्य क्रमांक २१२ ते २४० यांच्या मागे शिलाई मशीनचा आवाज आहे. शाळेचे गणवेश द्यायचे होते म्हणून मी मशीन थांबवले नाही. वाचा-उपचारवाल्या बाई तेव्हा माझ्यावर रागावल्या होत्या. परत बोलून घेऊ असे आम्ही म्हटले, पण दिवस पुरले नाहीत. लॅपटॉप आमचा असल्याची खूण म्हणून हे लिहून घ्यावे. दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपमध्ये ‘क्लच सोड, हळू, हळू’ याच्या मागे माझे मशीन चालू असणार नाही.

शेवटच्या दिवशी यादी संपल्यावर मी गणवेश पोचवायला गेले होते. तेवढ्यात पतींनी एकट्याने बसून एक वाक्य जास्तीचे बोलून ठेवले. ते सहाशे एक्केचाळिसावे. घरी आल्यावर, ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी, त्यांनी ते मला पहिल्यांदा वाजवून दाखवले. ते काय होते असे विचारले असता, त्याचा तपासाशी संबंध नाही असे मी सांगितले.

त्यानंतर पावणेदोन वर्षे ते या लॅपटॉपवरून बोलत होते. भाजीवाल्याशी घासाघीस, नातीला गोष्ट, फोनवर जुन्या विद्यार्थ्यांना शिव्या, सगळे त्यातूनच. माझ्याशी भांडणही. टाइप करायला वेळ लागत असल्याने भांडणात ते कायम एक वाक्य मागे असत. मी थांबायची. इतर कोणासाठी मी थांबत नाही हे गल्लीला ठाऊक आहे.

लॅपटॉप सहा वर्षांपूर्वी गाडीच्या शाळेसाठी घेतला होता. दुकानातला माणूस म्हणाला होता, “दहा वर्षं वळून बघायला नको.” चौथ्या वर्षी त्याचे झाकण सैल झाले तेव्हा मी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उलटा केला, पाहिला आणि सरळ हात टेकले.

“बाई, याचे स्क्रूच कंपनीनं वेगळे केलेत. माझ्याकडे चाळीस पेचकस आहेत, एक बसत नाही. बाहेरच्या माणसाला सुटे भाग द्यायचं बंद केलंय त्यांनी. आणि आत सगळं एकाच पाटीला चिकटवलंय. पूर्वी तुमची माहिती ज्या डबीत असते ती निदान वेगळी काढता यायची.”

“म्हणजे काय, मला समजेल असं सांगा.”

“म्हणजे बटण तुटलं तर शर्ट फेकायचा.”

मला समजले. झाकणाला मी आतून पट्टी शिवली, ती अजून आहे.

गेल्या वर्षी पडद्यावर एक संदेश आला, ‘या मॉडेलचा प्रवास पूर्ण झाला आहे. आपण आमच्यासोबत होता, आभारी आहोत.’ भाषा घरात कोणी गेल्यासारखी होती, म्हणून मी पतींना विचारले, तर त्यांनी टाइप केले की कंपनी आता याच्याकडे लक्ष देणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. लक्ष देणार नाही म्हणजे निदान त्रास तरी देणार नाही, असे आम्ही धरून चाललो. तिथे चूक झाली.

गेल्या महिन्याच्या बारा तारखेला, मंगळवारी सकाळी सव्वासातला, पती चहाच्या वेळी लॅपटॉप उघडायला गेले तर तो आपला आपण अपडेट होऊन बसला होता आणि पासवर्ड मागत होता. त्या दिवसापर्यंत त्याने कधी मागितला नव्हता. पतींनी पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ठेवला होता. फाइल लॅपटॉपमध्ये आहे. आठवेल तसे तीन वेळा टाकून पाहिले, चौथ्यांदा खाते बंद झाले. खाते उघडायचा ओटीपी शाळेच्या टेलिफोनवर जातो. तो टेलिफोन शाळा बंद झाली तेव्हाच परत केला. शाळा का बंद झाली ते वर सांगितले आहे.

याची दुसरी प्रत ठेवली नव्हती का, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. दोन प्रती होत्या. एक कंपनीच्याच इंटरनेटवरच्या कपाटात, जिथे जायचा रस्ता त्याच खात्यातून आहे. दुसरी माझ्या धाकट्या दिरांनी पेनड्राइव्हवर करून दिली होती. बारा तारखेला तो पेनड्राइव्ह दुरुस्तीवाल्याकडे लावून पाहिला तेव्हा कळले की भाऊजींनी फक्त पडद्यावरचे चित्र उतरवून घेतले होते, त्याच्या आतला माल नाही. दोन वर्षे आम्ही ते चित्र दागिन्यांच्या डब्यात कुलूप लावून जपले.

बारा तारखेपासून मी कंपनीच्या हेल्पलाइनला सतरा फोन केले. दर वेळी आधी गाणे वाजते, मग आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असे सांगतात, मग पुन्हा गाणे. सगळ्यांचे बोलणे गोड होते आणि ताकास तूर कोणी लागू दिली नाही. तिसऱ्या फोनवरचे बोलणे मला पाठ आहे ते असे:

“मॅडम, सुरक्षेसाठी खातेदारानं स्वतः बोलावं लागेल.”

“त्यांना बोलता येत नाही.”

“ते कधी मोकळे होतील?”

“मोकळेच आहेत. शेजारी बसलेत. त्यांना आवाज नाही.”

“मी समजू शकते, मॅडम. त्यांच्या घशाला बरं वाटलं की त्यांना फोन करायला सांगा.”

“अहो ताई, त्यांचा आवाज तुमच्या लॅपटॉपमध्ये अडकलाय. तेवढा उघडून द्या, आत्ता बोलतील.”

“नक्कीच, मॅडम. त्यासाठी खातेदारानं स्वतः बोलावं लागेल.”

फोन ठेवल्यावर पाचपैकी किती तारे देणार असा संदेश आला. पतींना दाखवला तर ते हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, खांदे हलतात. त्यानंतरच्या फोनांना ते हसले नाहीत. दहाव्या फोनच्या सुमारास त्यांनी पाटीवर लिहिणेही कमी केले. जेवताना मीठ कमी असले तरी ते काही सांगत नव्हते. मी दोन दिवस मुद्दाम कमी घालून पाहिले. ही गोष्ट मी आत्तापर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

सव्वीस तारखेला दुपारी बारा वाजता जे झाले त्याची युक्ती माझी होती. भाऊजींचा दोष नाही. भाऊजी पोस्टातून निवृत्त झाले आहेत. त्यांचा आवाज माझ्या पतींच्या आवाजासारखाच आहे, सासूबाईसुद्धा फोनवर फसायच्या. मी त्यांना म्हटले, “भाऊजी, तुम्ही फक्त दादांचं नाव सांगायचं आणि ‘हो, मीच’ म्हणायचं. जन्मात एकदा खोटं बोला.” ते म्हणाले, “वहिनी, मला घाम फुटतो हो.” तरी बसले. नाव बरोबर सांगितले. पत्ता बरोबर सांगितला. मग पलीकडून जन्मतारीख विचारली आणि भाऊजींनी आपली स्वतःची सांगितली. इतके होऊनही कदाचित निभावले असते. पण त्यांच्या लक्षात आले आणि ते घाईने म्हणाले, “नाही नाही, ही माझी झाली. थांबा, दादाची सांगतो.”

पलीकडे गाणेही वाजले नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीचे पत्र आले की फसवणुकीच्या संशयावरून खाते गोठवले आहे, खातेदाराने ओळखपत्र व लॅपटॉप घेऊन जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हजर व्हावे. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. पतींनी त्यांना पाटीवर लिहून दाखवले, ‘शाळेतही तू असाच पकडला जायचास.’ तेव्हा जेवले.

या सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. सेंटर बाजारातल्या मोठ्या इमारतीत तळमजल्यावर आहे. काचेचे दार, पांढरी बाके, टोकन देणारे यंत्र. दुरुस्तीचे टेबल कुठे दिसले नाही. पूर्वी होते, आता इथे दुरुस्ती होत नाही, जुने घेऊन नवे देतात, असे काउंटरवरच्या बाईंनी सांगितले. सेंटरचे व्यवस्थापक, वय अंदाजे तीस, गळ्यात ओळखपत्र, यांनी पतींचे ओळखपत्र पाहिले, चेहरा पाहिला आणि कागदावर ‘खातेदार प्रत्यक्ष हजर’ असे लिहिले. मला वाटले झाले काम. मग त्यांनी छोटे यंत्र पुढे केले आणि म्हणाले, “सर, यात फक्त ‘मला मान्य आहे’ एवढं बोला.”

मी त्यांना पहिल्यापासून सगळे सांगितले. पतींनी गळ्याचा रुमाल बाजूला करून दाखवले. एरवी ते डॉक्टरांशिवाय कोणाला दाखवत नाहीत. व्यवस्थापक म्हणाले, “काकू, माझ्या हातात असतं तर आत्ता उघडून दिला असता. माझ्या पडद्यावर ते बटणच नाहीये. आवाज आल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.” लॅपटॉप जमा करा, वरून खास परवानगी मागवतो, असे त्यांनी सांगितल्यावरून आम्ही तो जमा केला व पावतीवर सही केली. पावतीच्या मागे बारीक अक्षरात चौदा कलमे आहेत ती वाचली नाहीत. मी सुईत दोरा ओवते, पण ती अक्षरे मला दिसली नाहीत.

काल गुरुवारी पाच वाजता सेंटरमधून फोन आला की परवानगी नाकारली. अकराव्या कलमाप्रमाणे संशयित खात्याचा लॅपटॉप परत देता येत नाही. शुक्रवारी चार वाजता गाडी येईल, त्या गाडीने तो मोठ्या गोदामात जाईल आणि तिथे पूर्ण पुसला जाईल. त्याबद्दल आम्हाला नव्या लॅपटॉपवर सवलतीचे कूपन मिळेल. मी पतींना सांगितले. त्यांनी पाटी हातात घेतली, काही लिहिले नाही, ठेवून दिली.

इथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. बारा वर्षांपूर्वी पतींच्या शिकवण्याच्या गाडीला एका ट्रकने मागून ठोकले. गाडी ठाण्याच्या आवारात चार महिने जमा होती. विमावाल्यांना ती भंगारात काढायची घाई होती, ते रोज चकरा मारायचे. ठाण्याने त्यांना एक स्क्रूही हलवू दिला नाही. तपास चालू आहे, वस्तू जमा आहे, हात लावायचा नाही, एवढेच सांगत. शेवटी गाडी आम्हाला परत मिळाली आणि पुढे नऊ वर्षे चालली. काल रात्रीचे जेवण झाल्यावर ही गोष्ट मला आठवली.

आज अडीच वाजता आम्ही सेंटरमध्ये पोचलो. टोकन क्रमांक ३१. लॅपटॉप काउंटरच्या आत उजव्या हाताच्या निळ्या क्रेटमध्ये वरच होता. झाकणाची माझी पट्टी लांबून ओळखू आली. त्यावर ‘पुसणे’ असे छापलेला कागद चिकटवला होता. व्यवस्थापकांनी कूपन दिले, मी ते घेतले. मग त्यांनी दोन हातांत धरायची, पडदा असलेली चपटी पाटी माझ्याकडे दिली आणि सेवा कशी वाटली ते त्यावर भरायला सांगितले. मी ते भरत होते. प्रश्न नऊ होते. व्यवस्थापक शेजारी उभे राहून मला तारे कुठे आहेत ते दाखवत होते. त्याच वेळी मी काउंटरच्या आत हात घालून लॅपटॉप उचलला व आम्ही दोघे दाराबाहेर पडलो.

त्या वेळी तुमचे हात मोकळे होते का, असे साहेबांनी विचारले. माझे हात कुठे होते ते मला माहीत आहे, असे मी सांगितले. सेंटरच्या कॅमेऱ्याचे चित्रण अजून आलेले नाही असे कळते.

आम्ही पळालो नाही. बाजाराच्या चौकात सिग्नल लाल होता म्हणून थांबलो. मागून व्यवस्थापक हाका मारत येत होते. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मी पतींना म्हटले, “अहो, चला ना!” ते हलले नाहीत. एकतीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांना लाल दिव्याला थांबवले त्यांना चोरीच्या मालासकटही तो ओलांडता येत नाही. तेवढ्यात व्यवस्थापक आमच्याजवळ येऊन पोचले आणि तेही सिग्नलला थांबले. हिरवा झाल्यावर तिघे मिळून रस्ता ओलांडला. व्यवस्थापक म्हणाले, “काकू, कुठे चाललात?” मी म्हटले, “पोलिसांत. तुम्हीही चला, तक्रार तुम्हालाच द्यायचीय.”

ठाण्यात आल्यावर मी हवालदारांना सांगितले की चोरी झाली आहे, माल हा आहे आणि चोर समोर आहे, तेव्हा दोन्ही जमा करून घ्या. हवालदारांना प्रथम पटले नाही. व्यवस्थापक म्हणाले, “साहेब, लॅपटॉप परत द्या, आमची काही तक्रार नाही. चार वाजता गाडी आहे.” मी म्हटले, “तक्रार कशी नाही? दिवसाढवळ्या तुमच्या काउंटरवरून वस्तू गेलीय. नोकरी करता की काय करता?” ते कानकोंडे झाले. मग त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. ठाण्यात सगळ्यांनी मिळून ते गाणे सात मिनिटे ऐकले. पतींना ते इतके पाठ आहे की कुठे पुन्हा सुरू होणार तिथे ते बोट वर करत होते, आणि दर वेळी बरोबर होते. शेवटी वरच्या ऑफिसने सांगितले की संशयित खात्याच्या बाबतीत पोलीस तक्रार देणे नियमाने बंधनकारक आहे. व्यवस्थापकांनी ते दोनदा विचारून घेतले आणि तक्रार लिहून दिली. लिहिताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मला वाटते त्यांना तेव्हा समजले होते. त्यांनी तक्रार मात्र सविस्तर लिहिली आहे, लॅपटॉपचा क्रमांकही बरोबर घातला आहे.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जप्त झाला. आता याला कोणी हात लावू शकेल का, असे मी साहेबांना विचारले. कोर्टाच्या हुकमाशिवाय नाही, आणि त्याला महिने लागतील, असे ते म्हणाले. कंपनीला पुसता येईल का, असे विचारले. पुसले तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होईल, असे ते म्हणाले. मी म्हटले, “मग लागू देत महिने.” कोर्टापुढे सगळे सांगून तो उघडून मागता येईल, असेही साहेबांनी सांगितले. तसा अर्ज मी करणार आहे.

लॅपटॉप पांढऱ्या कापडात गुंडाळून शिवायचा होता. हवालदारांनी दोन टाके घातले, ते इतके लांब होते की त्यातून बोट जाईल. म्हणून साहेबांच्या परवानगीने, पंचांसमक्ष, ते काम मी केले. सुई माझ्या पर्समध्ये असतेच. दुहेरी दोऱ्याने चारी बाजूंनी बारीक शिलाई घातली आहे. शिवायला वीस मिनिटे लागली. मधे मी एकदा थांबले होते ते दोरा संपला म्हणून. त्यावर ठाण्याने लाखेचे सील लावले. ही शिलाई कोणी उसवून पुन्हा घातली तर मला कळेल, हेही लिहून घ्यावे.

वरील सर्व मी एकटीने ठरवून केले. माझे पती माझ्यासोबत फक्त आले होते.

पुरवणी. सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी हवालदार हा जबाब मला वाचून दाखवत होते. वाचन वरच्या ओळीपर्यंत आले असता माझ्या पतींनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. हवालदार थांबले व काय झाले असे विचारले. दोन म्हणजे ‘नाही’, हे मी वर सांगितलेले असल्याने त्यांना कळले. मी पतींना म्हटले, “तुम्ही गप्प बसा.” हे शब्दही हवालदारांनी लिहून घेतले. मला ते खोडायचे होते, पण लिहिलेले खोडता येत नाही असे सांगण्यात आले.

पतींनी पाटीवर लिहिले ते असे: ‘लॅपटॉप मी उचलला. हिचे दोन्ही हात अडकलेले होते.’ ते पुसून पुढे लिहिले: ‘गाडीची गोष्टही मलाच आठवली. हिला ती गाडी कधी आवडलीच नाही.’ पुन्हा पुसून लिहिले: ‘खातं माझं. आवाज माझा. मग चोर ही का?’ या मजकुराची नक्कल हवालदारांनी प्रत्येक वेळी पाटी पुसण्याआधी करून घेतली.

हे खरे आहे का, असे साहेबांनी मला विचारले. लॅपटॉप त्यांनी उचलला, हे खरे आहे. मी काचेचे दार उघडून धरले, तारे अर्धेच भरून झाले होते. मी वेगळे का सांगितले असे विचारले असता, या वयात त्यांना ठाण्यात उत्तरे द्यायला लागू नयेत म्हणून, आणि ती देणार कशी म्हणून, असे सांगते. त्यात माझी चूक झाली. गेल्या महिनाभरात ज्याने त्याने त्यांच्याऐवजी मला विचारले, आणि मीही त्यांच्याऐवजी सांगत सुटले.

त्यानंतर साहेबांनी खुर्ची पतींकडे वळवून, मोठ्याने न बोलता, त्यांनाच विचारले, “सदर खात्याचे खातेदार आपणच का?” पतींनी टेबलावर एक टिचकी मारली. साहेबांनी हवालदारांना सांगितले, “लिहा. खातेदारानं स्वतः सांगितलं, हो.” तसे लिहिले आहे. त्यांचा जबाब पाटीवरून वेगळा घेण्यात येणार आहे व कितीही वेळ लागला तरी हवालदार थांबणार आहेत.

यानंतर मी तोंड फिरवून सुई पर्समध्ये ठेवू लागले. तेव्हा पतींनी पाटीवर आणखी एक ओळ लिहून ती माझ्याकडे केली. ती तपासाची नसल्याने लिहू नये असे मी म्हटले. पण समोर झालेले सगळे घ्यावे लागते असे हवालदार म्हणाले, म्हणून देते. पाटीवर लिहिले होते: ‘टाचणी, चिडलीस का?’

हेच ते सहाशे एक्केचाळिसावे वाक्य का, असे विचारले असता, हो, असे सांगते. ते वाजते तेव्हा ‘का’ लांबवलेला असतो. तो पाटीवर येत नाही.

हा जबाब पुरवणीसह मला सुरुवातीपासून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला, तो मी ऐकला, आणि दुरुस्ती धरून तो माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे. माझी सही. माझ्यासोबत वाचन ऐकणारे माझे पती यांची, शेवटच्या शब्दानंतर, टेबलावर एक टिचकी.